आजारी डब्यातली कात्री

हॉस्पिटलात मला सगळे पाठीमागे बॉयलर म्हणतात. एक तर मी तळमजल्यावर ऑपरेशनची हत्यारं धुते, बांधते आणि वाफेच्या यंत्रात घालते. दुसरं म्हणजे माझं डोकं लवकर तापतं. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे मी कधी तक्रार केली नाही. छत्तीस वर्षं झाली या खोलीत. वरच्या मजल्यावर सर्जन येतात, मोठे होतात, त्यांच्या नावाच्या पाट्या लागतात, मग ते दुसरीकडे जातात. खाली मी आहे तिथेच. पण माझ्या हाताखालून गेल्याशिवाय एक चिमटासुद्धा कुणाच्या पोटात शिरत नाही, हे मला माहीत होतं आणि त्याचा मला माज होता. माजच म्हणायचा, दुसरा शब्द नाही.

दुर्बिणीच्या ऑपरेशनची हत्यारं वेगळी असतात. हातभर लांब, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या नळ्या, एका टोकाला मूठ आणि दुसऱ्या टोकाला इवलीशी कात्री नाहीतर चिमटा. पोटाला तीन-चार भोकं पाडायची, एकातून कॅमेरा घालायचा, बाकीच्यांतून ही हत्यारं. काहींमधून करंट जातो, रक्त येणारी जागा जाळून बंद करायला. म्हणून त्या नळीवर टोकापर्यंत काळं आवरण असतं. ते आवरण कुठे चिरलं, अगदी सुईच्या टोकाएवढं जरी, तर करंट तिथूनच बाहेर पडतो आणि शेजारी जे आतडं असेल त्याला चटका देतो. डॉक्टरला ते दिसत नाही, कारण कॅमेरा कात्रीच्या टोकाकडे बघत असतो. बरं, चटका बसलेलं लगेच कळतही नाही. एक-दोन दिवस माणूस ठणठणीत दिसतो, मग तिथे आतडं फुटतं आणि आतली सगळी घाण पोटात पसरते. हे मला एका ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. त्या दिवशी घरी जाऊन मला जेवण गेलं नव्हतं.

आवरण तपासायचं एक छोटं यंत्र आमच्याकडे आहे. म्हणजे होतं. चीर सापडली की ते ओरडायचं. तीन आठवड्यांपूर्वी ते न ओरडता बंद पडलं आणि दुरुस्तीला गेलं. मी तीन पत्रं लिहिली, तिसऱ्या पत्रात जरा जास्तच लिहिलं, पण यंत्र काही आलं नाही. तोवर भिंगाचा दिवा आणि माझं नख. नळीवरून अंगठ्याचं नख हळूहळू फिरवायचं. कुठे अडकलं की हत्यार बाद. अशी बाद झालेली हत्यारं मी एका निळ्या डब्यात ठेवते. त्याला मी आजारी डबा म्हणते, आणि आता वरच्या सिस्टरही तसंच म्हणतात.

त्या आठवड्यात आजारी डब्यात एकच वस्तू होती. दुर्बिणीच्या दुसऱ्या सेटमधली कात्री. टोकापासून चार बोटांवर नख अडकलं होतं. दिसत काही नव्हतं, पण अडकलं होतं.

आणि त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ पोट धरून हॉस्पिटलात आला.

धाकटा काचा बसवतो, दुकानांच्या, ऑफिसांच्या. मोठी काच जिन्यावरून वर न्यायची तर ती पोटाशी टेकवून, पोटाच्या जोरावर न्यावी लागते. चार दिवस तो घरी ओकत होता आणि बायकोला सांगत होता की काहीतरी बाधलं असेल. पोट ढोलासारखं फुगलं, हिरवं पाणी उलटून यायला लागलं, वारासुद्धा सरेना, तेव्हा भावजयीनं मला फोन केला. मी दोघांनाही फैलावर घेतलं. आधी का नाही सांगितलं म्हणून. माझं ते वाक्य आता मला आठवतं तेव्हा तोंड लपवावंसं वाटतं.

आतडं अडकलं होतं. कशानं, तेही सर्जन डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं. नऊ वर्षांचा असताना त्याचं अपेंडिक्स फुटलं होतं आणि तेव्हा त्याचं सगळं पोट उघडलं होतं. जुन्या ऑपरेशननंतर आत कधीकधी दोरीसारखा एक पट्टा तयार होतो, आणि वर्षानुवर्षं गप्प बसून एक दिवस आतड्याला विळखा घालतो. तेव्हाचं ते ऑपरेशन मी विसरणं शक्य नाही. जखम भरेना. तीन महिने ती उघडीच होती. आई आदल्या वर्षी गेली होती, मी सतरा वर्षांची होते आणि रोज सकाळी मी त्याची पट्टी बदलायचे. तो ओरडायचा नाही, माझं मनगट घट्ट धरून ठेवायचा. शाळेचं वर्ष बुडालं त्याचं. मी हत्यारांच्या खोलीत नोकरीला लागले ती त्यानंतरच.

दोन दिवस नाकातून नळी घालून, सलाईन लावून वाट पाहिली. कधीकधी आपोआप सुटतं म्हणतात. नाही सुटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी पोटाला हात लावून पाहिलं, रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि म्हणाल्या, आज घ्यायचं, दहा वाजता. दुर्बिणीनं प्रयत्न करते, पण फार वेळ काढता येणार नाही, आतड्याचा रक्तपुरवठा बंद झाला तर ते काळं पडेल. डॉक्टरबाई लहान चणीच्या, आवाजानं हळू, पण एकदा बोलल्या की बोलल्या. मी मान हलवली. भावजय रडत होती, तिला मी दटावलं.

धाकट्याला न्यायच्या आधी मी त्याच्याजवळ गेले. नाकात नळी असल्यामुळे तो गेंगाणा बोलत होता.

"ताई, परत पोट फाडू देऊ नकोस," तो म्हणाला. "भोकं पाडू देत. चाळणी केली तरी चालेल."

मी म्हणाले, "माझी हत्यारं जाणार आहेत आत. पोट फाडायची कुणाची हिंमत आहे?"

तो हसला. मग पोटात कळ आली आणि त्याचं हसू मधेच थांबलं.

नऊच्या सुमाराला खाली येते तर फोन वाजतच होता. वरून थिएटरची सिस्टर. दुर्बिणीचा पहिला सेट पित्ताशयाच्या ऑपरेशनला आत गेला होता. दुसरा सेट हवा होता, आणि त्यात कात्री नव्हती. मी विचारलं, पहिला सेट कधी मोकळा होईल. ती म्हणाली, अकरा तरी वाजतील. अकराला सुटला तर धुवायला, वाळवायला, बांधायला, वाफेतून काढायला एक वाजणार, हे तिनं मला सांगायची गरज नव्हती. मग ती म्हणाली की मॅडम तेवढं थांबणार नाहीत, कात्री नसेल तर सरळ पोट उघडायचं म्हणतायत. मी म्हणाले, पाच मिनिटं दे.

खोलीत मी एकटीच होते. आमच्या इन्चार्ज, मोठ्या सिस्टर, त्या मीटिंगला गेल्या होत्या. मी आजारी डबा उघडला, कात्री काढली आणि भिंगाच्या दिव्याखाली धरली. काही दिसलं नाही. टोकापासून चार बोटांवर नख फिरवलं. अडकलं नाही. पुन्हा फिरवलं. या वेळी अडकल्यासारखं वाटलं. तिसऱ्यांदा मी जरा हलक्या हातानं फिरवलं. खोटं कशाला बोलू, हलक्या हातानंच फिरवलं. आणि नाही अडकलं.

मग मी स्वतःशीच म्हणाले की परवा नखच खरखरीत असेल. धुण्याच्या पाण्यानं नखं चिरतात माझी, हे तर खरंच होतं. कात्री सेटमध्ये ठेवली, सेट बांधला, यंत्रात घातला. बरोबरच्या चिठ्ठीवर नेहमीसारखं लिहिलं, तपासून भरले, आणि खाली सही केली. एक ओळ जास्त लिहायची होती फक्त. कात्रीची शंका आहे, करंट लावू नये. पेन हातातच होतं. पण छत्तीस वर्षांत माझ्या खोलीतून शंका लिहिलेला सेट एकदाही वर गेला नव्हता. आणि ते वाचून डॉक्टरबाईंनी कात्री बाजूला ठेवली असती तर? पोट उघडलं असतं तर? मी पेन खिशाला लावलं.

सेट वर पोचल्यावर मी मोठ्या सिस्टरना बोलावून घेतलं, दुपारपर्यंत सुट्टी मागितली आणि थिएटरबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. भावजय तिथे होती. बाक अरुंद, समोर हिरवं दार, दाराच्या वर लाल दिवा. तो लागला की ऑपरेशन चालू. भावजयीनं माझा हात धरला आणि म्हणाली, तुमच्या हातची हत्यारं आहेत म्हणून मला धीर आहे, नाहीतर वेड लागलं असतं. मी तिला म्हणाले, जास्त बोलू नकोस, पाणी पी.

पहिला तास मी त्या दिव्याकडे बघत काढला. उठावं, दार ढकलावं आणि आत सांगावं की करंट लावू नका, असं दर पाच मिनिटांनी वाटत होतं. दोनदा उठलेसुद्धा. एकदा दाराजवळ गेले तर वॉर्डबॉय म्हणाला, ताई, तुम्हीच नियम मोडायला लागलात तर कसं. मी त्याला नको ते बोलून परत येऊन बसले. नियमाचं काही नव्हतं. आत जाऊन सांगायचं म्हणजे चिठ्ठी खोटी होती हे सांगायचं, सगळ्यांसमोर, आणि ते माझ्या जिभेवर येईना.

साडेबाराच्या सुमाराला डॉक्टरबाई बाहेर आल्या. टोपी काढून केस मोकळे करत होत्या, म्हणजे बातमी चांगली हे आम्हा दोघींना त्या बोलायच्या आधीच कळलं. एकच पट्टा होता, म्हणाल्या. तो कापला आणि आतड्याचा रंग डोळ्यांसमोर परत आला, जांभळ्याचं गुलाबी झालं. तीन छोटी भोकं, बस. भावजय त्यांच्या पायाच पडायला निघाली, त्यांनी तिला धरलं. मीही हसत होते. मग मी विचारलं, करंट लावावा लागला का? डॉक्टरबाई जाता जाता म्हणाल्या, पट्ट्यातून थोडं रक्त आलं, दोनदा लावला. आणि गेल्या.

पावणेदोन वाजता वरून मळका ट्रे खाली आला. दुसऱ्या कुणाला हात लावू न देता मी तो उघडला. कात्री धुतली, पुसली, दिव्याखाली धरली. आता नखाची गरज नव्हती. टोकापासून चार बोटांवर मोहरीएवढा ठिपका होता आणि त्याची कड जळून तपकिरी झाली होती. करंट तिथून बाहेर पडला होता.

मी खाली फरशीवर बसले, सिंकला पाठ लावून. नुसती बसून होते.

तेव्हाच उठून जायला हवं होतं. दोन जिने चढायचे आणि डॉक्टरबाईंच्या खोलीचं दार वाजवायचं, एवढंच काम होतं. मी गेले नाही. का नाही गेले त्याची कारणं माझ्याकडे तेव्हा पुष्कळ होती. कात्रीला लागून त्या जागी आतडं असेलच असं थोडंच आहे. ठिपका आधीचाही असू शकतो. दोनदाच तर लावला. आत्ताच ऑपरेशन झालंय, बिचाऱ्याला पुन्हा टेबलावर घेतील. नोकरीचं कारण मी शेवटी ठेवलं होतं, पण ते होतं. निवृत्तीला चार वर्षं राहिली आहेत. या खोलीबाहेर मी कोण? चिडकी बाई, दुसरं काय. असं सगळं एकावर एक रचत मी कात्री पुन्हा आजारी डब्यात ठेवली आणि बाकीचं काम उरकलं. संध्याकाळी वॉर्डात जाऊन आले. धाकटा गुंगीत होता, नळी अजून नाकात होती, पण चेहऱ्यावरचा ताण गेला होता. मी बराच वेळ पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले आणि घरी गेले. उद्या सकाळी बरा असेल तर काही झालंच नाही असं समजायचं, हे मी वाटेत ठरवून टाकलं.

सकाळी सात वाजता मी आधी वॉर्डात गेले. त्याच्या पलंगाला अडकवलेला तक्ता पाहिला. ताप नव्याण्णव, त्याचं विशेष नाही. नाडी मात्र काल संध्याकाळी चौऱ्याऐंशी होती ती आता एकशे चौदा होती. धाकटा जागा होता. मी विचारलं, कसं वाटतंय. म्हणाला, काल बरं होतं ग, आज पोटाच्या उजवीकडे काहीतरी टोचतंय. आणि त्यानं हात ठेवून जागा दाखवली.

मी धावले. या वयात, या गुडघ्यांनी, मी दोन-दोन पायऱ्या चढत धावले. डॉक्टरबाई नुकत्याच येऊन ॲप्रन घालत होत्या. मी दारातच सगळं सांगितलं. नख, आजारी डबा, चिठ्ठी, ठिपका. कात्री पिशवीत घालून आणली होती, ती टेबलावर ठेवली. त्यांनी ती खिडकीजवळ नेऊन पाहिली. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"एक ओळ लिहायची होती," त्या म्हणाल्या. "तो पट्टा मी करंट न लावताही कापला असता. रक्त काय, दाबून धरलं असतं तरी थांबलं असतं."

त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. फोन उचलून त्यांनी थिएटर मोकळं करायला सांगितलं, भूलतज्ज्ञांना बोलावलं, मोठ्या सिस्टरना सांगितलं की हत्यारं स्वतः भरा, एकेक माझ्यासमोर तपासा. मग माझ्याकडे वळल्या. पुन्हा आत बघायलाच हवं, म्हणाल्या, आणि या वेळी दुर्बिणीवर भागेलच असं नाही. पेशंटची सही लागेल. ती का लागते आहे हे त्याला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार.

भावजय तोंड धुवायला गेली होती. धाकट्याच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून मी त्याला सांगितलं. लपवायचं काही उरलंच नव्हतं, म्हणून भरभर सांगितलं. कात्री बाद होती. तुझं पोट उघडू नये म्हणून मी ती भरली. आत चटका बसला असणार. आता परत न्यायचंय, कदाचित पोट उघडावं लागेल. तो छताकडे बघत ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "घाई तर होतीच. आणि मीच तुझ्या मागे लागलो होतो, फाडू नका म्हणून."

मला रडू फुटलं. छत्तीस वर्षांत या इमारतीत मी रडले नव्हते. तो म्हणाला, रडू नकोस, लोकांना वाटेल मी गेलो. मग त्यानं कागद मागितला. सही करता करता थांबला आणि विचारलं, "तुला कळलं कधी?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच, असं म्हटलं असतं तर त्यानं ते मानलं असतं. लहानपणापासून त्यानं माझं सगळं मानलं होतं.

"काल दुपारी," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तो काहीतरी बोलेल, शिवी देईल, काहीतरी करेल. त्यानं खाली बघून सही पुरी केली, पेनाला टोपण लावलं आणि ते माझ्या हातात दिलं.

"हिला कात्रीचं सांग," तो म्हणाला. "कालचं सांगू नकोस. तिला नाही झेपायचं." आणि त्यानं तोंड भिंतीकडे केलं. त्याला झेपलं की नाही हे मी विचारलं नाही.

भावजयीला मी कात्रीचं सांगितलं. ती ऐकताना पांढरीफटक पडली, पण माझ्यावर ओरडली नाही. ओरडायला वेळच नव्हता, ट्रॉली आली होती. पुन्हा तोच बाक, तेच हिरवं दार. मी खाली खोलीत जायचं नाही असं मोठ्या सिस्टरनी बजावलं होतं. त्यांनी ते सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या कपाटाची किल्ली मात्र मागून घेतली. तास गेला. दुसराही गेला. कॉरिडॉरमधून बायका बादल्या घेऊन जात होत्या, कुणीतरी लिफ्टपाशी हसत होतं, आणि मी मनात एकच म्हणत होते, माझं काहीही कर, त्याचं नको. कुणाला म्हणत होते ते मलाच ठाऊक नाही. देवाशी माझं फारसं बोलणं नाही.

एकदा भावजयीनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तसंच ठेवलं. तिच्या डोक्याचं ते ओझं मला सहन होईना, आणि हलताही येईना.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा टोपी डोक्यावरच होती. त्या भावजयीशी बोलल्या, माझ्याशी नाही. दुर्बिणीतून पाहिलं तर आतड्यावर नाण्याएवढा पांढरा डाग होता, मधोमध फुटायला लागला होता. थोडं गढूळ पाणी बाहेर आलं होतं. चार बोटांची चीर द्यावी लागली, तेवढा तुकडा काढून आतडं जोडलं आहे, पोट धुऊन घेतलं आहे. पुढचे पाच दिवस अवघड आहेत. पण वाचेल, असं मला वाटतं, त्या म्हणाल्या. अजून काही तास गेले असते तर मी असं म्हटलं नसतं. आणि मग त्या आत गेल्या.

भावजय बाकावर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. रडून झाल्यावर तिनं माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. माझ्या नखांवरून तिचा अंगठा फिरत होता.

"चूक कुणाच्याही हातून होते, ताई," ती म्हणाली. "तुम्ही लपवून ठेवलं नाहीत. कळल्या कळल्या सांगितलंत म्हणून वाचले ते."

धाकट्यानं बजावलं होतं. आणि गप्प राहायला काहीच लागत नव्हतं, नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. कालही मी नुसती गप्पच राहिले होते.

"कळल्या कळल्या नाही सांगितलं," मी म्हणाले. "काल दुपारी पावणेदोनलाच कळलं होतं मला."

तिला आधी अर्थ लागला नसावा. माझे हात तिच्या हातांत तसेच होते. मग तिनं हळूहळू आपले हात काढून घेतले आणि मांडीवर ठेवले.

"काल संध्याकाळी मी त्यांचे ओठ ओले करत होते," ती म्हणाली. "चमच्यानं. तुम्ही पायथ्याशी उभ्या होतात."

"हो."

"मी तुम्हाला म्हणाले, बघा कसे शांत झोपलेत."

"हो, म्हणालीस."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

हिरवं दार उघडलं आणि ट्रॉली बाहेर आली. धाकट्याचा चेहरा मेणासारखा होता, पण छाती वरखाली होत होती. भावजय उठली, ट्रॉलीची कड धरली आणि तिच्याबरोबर चालायला लागली. मीही उठले. दोन पावलं गेले असेन. तेव्हा ती मागे वळली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही नका येऊ."

ट्रॉली कोपऱ्यावरून वळून गेली. मी परत बाकावर येऊन बसले.